शीव आपली, रेघ त्यांची



बारावीच्या पुस्तकात आम्ही पाठ केलं की राज्याला चार अंगं असतात: लोक, प्रदेश, सरकार आणि सार्वभौमत्व. सीमा दोन तऱ्हेच्या, नैसर्गिक आणि कृत्रिम. नदी-डोंगर या नैसर्गिक. एवढं लिहिलं की मार्क मिळतात. पण रेघ कोणी ओढली आणि कोणाला विचारून ओढली, हे पुस्तक सांगत नाही. आमचं भांडण नेमकं तिथंच आहे.

नर्मदाच घ्या. धडगाव-अक्कलकुव्याच्या अंगाला ती महाराष्ट्राची हद्द. पलीकडे मध्य प्रदेश, खाली गेलं की गुजरात. पुस्तकाच्या हिशेबाने ही पक्की नैसर्गिक सीमा. आणि आमच्या हिशेबाने? या काठाची पोरगी त्या काठाला दिलेली, त्या काठाचे पाहुणे होडीत बसून इकडे लग्नाला येणार. नदीने आम्हाला कधी तोडलं नाही, कागदाने तोडलं. आधी इकडे इंग्रजांचं खानदेश, तिकडे बडवानी-अलिराजपूरची संस्थानं. मग १ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले. डांग गुजरातेत गेला. पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा तालुक्यांतली काही गावंही तिकडे गेली. वाद होता मराठी की गुजराती असा. भिली, पावरी, कोकणी, डांगी बोलणाऱ्याला तिसरा रकानाच नव्हता!

सरदार सरोवराचं पाणी चढलं तेव्हा त्याने हद्द पाहिली नाही. मध्य प्रदेशातली १९३, महाराष्ट्रातली ३३ आणि गुजरातमधली १९ गावं बुडितात धरली. माणसाला मात्र पहिला प्रश्न, तू कुठल्या राज्याचा? एकाच कुळातले भाऊ तीन सरकारांच्या तीन याद्यांत. आणि ज्याची शेती जंगलाच्या हद्दीत होती त्याला आधी 'अतिक्रमणदार' म्हणून मोजलं. पलीकडून आलेल्या सुनेचंही तेच. भिल तिकडे अनुसूचित, भिल इकडेही अनुसूचित, पण तिचा दाखला इथल्या राज्याच्या सवलतीला चालत नाही. लग्न करताना बाईची जात बदलत नाही म्हणतात, नदी ओलांडली की सरकारदरबारी बदलते काय?

राज्याची रेघ लांबची वाटते. जंगलाची रेघ मात्र दारात आहे. १८७८ च्या आणि मग १९२७ च्या कायद्याने राखीव जंगल करताना सरकारने जाहीरनामा काढायचा आणि हक्क सांगायला निदान तीन महिने द्यायचे, असं ठरलं. ज्याला वाचता येत नाही, ज्याच्या पाड्यापर्यंत रस्ता नाही, त्याने तीन महिन्यांत आपल्या आजा-पणज्याचा हक्क साहेबापुढे जाऊन सांगायचा. नाही सांगितला तर हक्क संपला. मग बुरूज बसले आणि बुरुजाच्या आतला माणूस चोर झाला. शेत हललं नव्हतं, माणूस हलला नव्हता. हलली ती रेघ.

आता दावा घेऊन गेलं की कचेरीत विचारतात, "गावाचा नकाशा कुठंय? हद्द दाखवा." हद्द पुसली तुम्ही, आता पुरावा आम्ही द्यायचा! तरी घाबरायचं कारण नाही. वनहक्क कायदा २००६ मध्येच सामूहिक वनसंपत्तीची व्याख्या गावाच्या पारंपरिक हद्दीवरून केली आहे, फॉरेस्टच्या बुरुजावरून नाही. वनगाव असो, मोजणी न झालेलं गाव असो, या कायद्यात ते गावच आहे. पुंजारा वाघदेवाला जातो ती शीव, गुरं जिथून माघारी वळतात ती शीव, महू कोणाचा आणि चारोळी कोणाची हे जिथं ठरलेलं आहे ती शीव. जाणत्या माणसांचा लेखी जबाब हाही पुरावा आहे, नियम १३ वाचा. हे होत नाही असं कोणी म्हटलं तर गडचिरोलीकडे बोट दाखवा. तिथल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर आपला सामूहिक हक्क मिळवला.

एक कडू गोष्ट आपल्यातली. दोन पाडे एका नाल्यावरून भांडतात आणि मिटवायला फॉरेस्टवाल्याला बोलावतात. यापेक्षा त्याला दुसरं काय हवं? नियम १२ सांगतो की अशा वेळी दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसायचं आणि काय ठरलं ते आपापल्या ग्रामसभेला लेखी द्यायचं. एकच रान दोन गावं वापरत असतील तर तसंच लिहा. रेघ ओढलीच पाहिजे असं नाही.

पाऊस उघडला की शीव फिरायला निघायचं आहे. म्हातारे-म्हाताऱ्या सोबत घ्या, बायांना मागे ठेवू नका. कंद आणि पाला कुठं मिळतो हे त्यांनाच जास्त माहीत. पोरांपैकी एकाकडे वही द्या. फॉरेस्टला आधी लेखी कळवा आणि पोच घ्या. ते आले तर बरं, नाही आले तरी फिरणं थांबवू नका.