सहा, सात आणि एकोणसत्तर

डिसेंबर 1943. महायुद्ध ऐन भरात असताना देशभरातले मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि रस्त्यांची उतरंड लावून गेले. वर राष्ट्रीय महामार्ग, त्याखाली प्रांतिक म्हणजे आजचे राज्य महामार्ग, मग जिल्ह्याचे रस्ते आणि तळाला गावरस्ते. स्थापत्यची मुलं हा ‘नागपूर प्लॅन’ आजही परीक्षेपुरता पाठ करतात. पुढे याच शहराच्या रस्त्यांचं काय झालं, ते मात्र कुणी विचारत नाही.

नागपूरची मिजास दोन आकड्यांवर होती. वाराणसीहून कन्याकुमारीला जाणारा 2,369 किलोमीटरचा सात नंबर आणि हजिरा-कोलकाता हा सहा नंबर, दोघांची गाठ इथेच पडायची. तिसरा, धाकटा एकोणसत्तर तर निघायचाच इथून. सावनेर, पांढुर्णा, मुलताई, बैतूल करत तो भोपाळजवळच्या ओबेदुल्लागंजला संपायचा. नागपूरकरांनी त्याला नंबरने क्वचितच ओळखलं. त्यांच्या लेखी तो छिंदवाडा रोड. खरं तर छिंदवाड्याला जायचं तर सावनेरला त्याला सोडावं लागतं. पण बोलीभाषेला नकाशाची फिकीर कधी असते?

2010 साली केंद्राने सगळे आकडे नव्याने मांडले. उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम, पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम. नागपूर भागात सातचा 44 झाला, सहाचा 53, एकोणसत्तरचा 47. हिशेब चोख आहे, हे मान्य करायला हवं. सावनेरहून छिंदवाड्याकडे फुटणारा रस्ता पूर्वी 26-बी होता, आता 547 आहे. म्हणजे 47ची शाखा हे आकडाच सांगतो. जुने आकडे मात्र परमुलखात गेले. आजचा सात नंबर पंजाबातल्या फाजिल्काहून बद्रीनाथपलीकडच्या माणा गावाला जातो, सहा नंबर मेघालयातून मिझोरामकडे.

हे झालं निव्वळ नामांतर. राज्य महामार्गांच्या नशिबी त्याहून विचित्र प्रकार आला. महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 15 डिसेंबर 2016 रोजी दिला. दुकानं हलवण्यापेक्षा महामार्गच हलवणं सोपं, हे सरकारांच्या चटकन लक्षात आलं. यवतमाळ, लातूर, जळगाव इथले शहरातून जाणारे तुकडे कागदोपत्री राज्य महामार्ग उरले नाहीत. डांबर तेच, वाहतूक तीच, अपघातही तेच. फक्त देखभालीचा बोजा बांधकाम खात्याच्या खांद्यावरून नगरपालिका-महापालिकांच्या डोक्यावर. तोही तिजोरीत खडखडाट असताना. पुढे 11 जुलै 2017 रोजी न्यायालयानेच नगरपालिका हद्दीतल्या परवानाधारक दुकानांना हा आदेश लागू नसल्याचं स्पष्ट केलं. म्हणजे एवढा खटाटोप करायची गरजच नव्हती.

रस्त्याचा दर्जा काढायचा तर सरकारने खुशाल काढावा. पण त्याच दिवशी रस्त्याच्या कडेला एक पाटी लावावी: आजपासून खड्ड्यांची तक्रार कोणत्या कार्यालयात करायची, त्याच्या पत्त्यासह.