अनवाणी पंचेचाळीस मिनिटं

फेब्रुवारीत साडेतीन वर्षांच्या नातीला घेऊन नोएडातल्या एका प्लेस्कूलच्या ‘सेन्सरी प्ले’ला गेलो होतो. बंद खोली, खाली प्लास्टिकचं हिरवं गवत, त्यावर ओळीनं ट्रे. एकात निळा-गुलाबी रंगवलेला तांदूळ, दुसऱ्यात राजमा, तिसऱ्यात दाढीचा फेस. मुलांनी बूट-मोजे काढून त्यातून चालायचं, पंचेचाळीस मिनिटं. नात पहिल्याच ट्रेत थबकली. “आबा, तांदळाला पाय लागला. नमस्कार करू?”

मी सोवळ्यातला माणूस नाही. आपल्याकडे नवी सूनसुद्धा उंबरठ्यावरचं माप पायानंच लवंडते. पण ते आयुष्यात एकदा, आणि ते तांदूळ कुणी निळे करत नाही. पायाखाली घालायला जगात इतकं काही पडलेलं असताना ताटातलंच का घ्यायचं?

अनवाणी खेळण्याशी माझं भांडण नाही, उलट ते फार कमी होतंय हीच तक्रार आहे. 1992 साली राव आणि जोसेफ या दोन भारतीय डॉक्टरांनी 4 ते 13 वर्षांच्या 2300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. पादत्राणं वापरणाऱ्यांत सपाट पावलं 8.6 टक्के, न वापरणाऱ्यांत 2.8 टक्के, बंद बूट घालणाऱ्यांत प्रमाण सर्वांत जास्त. आता, सपाट पाऊल म्हणजे आजार नव्हे. लहानपणी ते असतंच आणि बहुतेकांची कमान पुढे आपोआप येते. तरी, चालायला लागल्या दिवसापासून बाळाला घरातही बूट चढवणाऱ्या आयांनी हे आकडे एकदा वाचावेत.

आणि हाताशी असेल त्यातून मुलांना असं खेळवणं आपल्या माणसांना नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचं जे काम केलं, त्यात खेळण्यांचं दुकान कुठे होतं? गोटे, शिंपले, बिया, पानं हेच साहित्य. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, म्हणून ती अंगणवाडी. 1975 साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. दिल्लीच्या गल्लीत ‘आंगनवाड़ी केंद्र’ अशी पाटी दिसली की मला उगाच आपलं कुणी भेटल्यासारखं वाटतं. आत डोकावलं तर बहुधा भाड्याची एक खोली असते. अंगण फक्त पाटीवर.

“पण दिल्लीची माती!” हा आक्षेप आपल्या इथल्या मराठी मंडळात हमखास येईल, आणि तो खोटा नाही. भटक्या कुत्र्यांची घाण, काचा, हिरवळीवर मारलेली औषधं. अंकुशकृमी तर तळपायाच्या कातडीतूनच शिरतो. मे महिन्यात फरशीवर पाय ठेवणं अशक्य, नोव्हेंबरात बाहेर श्वास घेणं अशक्य. म्हणून सोसायटीच्या बागेत मुलं मोकाट सोडा असं मी म्हणत नाही. (तिथे तसाही ‘घास पर चलना मना है’चा फलक असतो.) होळीच्या अलीकडे-पलीकडे पाच-सहा आठवडे हवा बरी असते, तेवढे धरावेत.

मंडळाच्या रविवारच्या बालवर्गाला गच्चीचा एक कोपरा द्या. चार घमेली (इथे त्यांना ‘तसला’ म्हणतात) आणा. एकात धुतलेले गोल गोटे, दुसऱ्यात इथले मिस्त्री ज्याला बदरपूर म्हणतात ती जाड लालसर रेती, चाळून. तिसऱ्यात कुंभाराकडची चिकणमाती, भिजवलेली. चौथ्यात पाय धुवायला पाणी. मध्ये गोणपाट अंथरा. टॉवेल घेऊन एक आजी बसली की झालं. गोटे तोंडात घालणाऱ्या वयाची भावंडं मात्र तिच्या मांडीवर.

घरच्या बाल्कनीत चिकणमातीचा प्रयोग करून पाहिला. नातीनं आधी अंगठा टेकवला, मग पाचही बोटं आवळून घेतली, चिमट्यात धरल्यासारखी. मग पाऊल पूर्ण टेकलं आणि बोटांच्या फटींतून चिखल वर आला. एरवी अखंड बडबडणारी पोर बराच वेळ गप्प उभी होती. इथे तिनं नमस्काराचं विचारलं नाही. थेट स्वयंपाकघरात पळाली. ओट्यापर्यंत नऊ पावलं उमटली, सून फडकं घेऊन आली आणि आधी फोन शोधायला गेली.