कृपा नव्हे, हक्क

गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या दुकानाची कथा कोल्हापुरात आजही अभिमानाने सांगितली जाते. राजवाड्याच्या पागेत नोकरीस असलेल्या या दलित कामगाराने सवर्णांच्या हौदाला स्पर्श केला, म्हणून त्याच्याच सहकाऱ्यांनी त्याला अमानुष मारहाण केली. परगावी गेलेले राजर्षी शाहू महाराज परतले, तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना शासन केले, गंगारामांना दुकान काढून दिले आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेतला. अस्पृश्यतेवरचा तो निर्भय प्रहार होता.

परंतु या कथेची दुसरी बाजूही विसरता कामा नये. महाराज परत येईपर्यंत गंगारामांना दाद मागण्यास जागा नव्हती. आणि अखेर नोकरी सुटली ती त्यांचीच. राजाने आपले कर्तव्य केले. प्रश्न आहे तो आपल्या लोकशाहीचा.

आज संस्थान नाही, कायदे आहेत. डूख धरून कामावरून काढणे वा दुष्ट हेतूने बदली करणे ही महाराष्ट्राने 1971 सालीच अनुचित प्रथा ठरविली. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध 1997 साली विशाखा निकाल आला आणि 2013 साली कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे जेथे काम करतात, तेथे तक्रार समिती बंधनकारक झाली. तरीही अंमलबजावणीत गंभीर उणिवा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाला 2023 साली नमूद करावे लागले. कारण उघड आहे : समिती नेमतो मालक, आणि पुष्कळदा तक्रार असते ती त्याच्याच विश्वासातील माणसाविरुद्ध.

त्याहून बिकट स्थिती उसाच्या फडातील स्त्रीची आहे. तिच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे; पण तिचे नाव तरी तिला कोणी सांगितले आहे काय? गंगाराम निदान नोकरी सोडू शकले. मुकादमाची उचल अंगावर असलेल्या कोयत्याला ते स्वातंत्र्यही नाही.

म्हणून समित्यांची नावे कारखान्याच्या फाटकावर आणि तोडकऱ्यांच्या तळावर मराठीत लावली जावीत, आणि तक्रारदाराच्या पाठीशी कामगार संघटनेने उघडपणे उभे राहावे. आरोपी आपलाच सभासद असला, तरीही. गाव सोडावे लागू नये, काम सोडावे लागू नये आणि मानही खाली घालावी लागू नये, एवढेच कामगाराचे मागणे आहे. ते पुरे करण्यासाठी महाराजांच्या परतण्याची वाट पाहायची नसते.