एकट्या इलेक्ट्रॉनची करामत

दोस्तांनो, आखाजीला झोका खेळता ना? जळगाव-धुळ्याकडे निंबाच्या फांदीला दोर बांधल्याशिवाय आखाजी झाल्यासारखी वाटतच नाही! झोका देणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. भलत्या वेळी ढकललं तर झोका चढत नाही. त्याच्या तालावर ढकललं, तर हलका हातही पुरतो.

तालाची हीच गंमत पाण्याच्या थेंबातही चालते, बरं का! पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. त्या अणूचं केंद्रक म्हणजे प्रोटॉन. तो एक इवलंसं चुंबकच असतो. पाणी मोठ्या चुंबकात ठेवलं, की प्रोटॉनांचा कल थोडासा चुंबकाच्या दिशेनं होतो. मग त्यांच्याच तालाच्या रेडिओलहरी सोडल्या, की ते दिशा बदलतात. लहरी थांबल्या, की हळूहळू मूळ स्थितीत येतात. या पूर्वपदावर येण्याला म्हणतात शिथिलीकरण.

त्याला वेळ किती लागतो? हवा काढून टाकलेल्या पाण्यात, २५ अंश सेल्सिअसला, साधारण साडेतीन सेकंद. अणूंच्या जगात हा फारच मोठा काळ झाला! पण प्रोटॉनला आपणहून परतता येत नाही. त्यालाही शेजारच्या चुंबकाचे तालावरचे धक्के लागतात. आणि शेजारी असतो कोण? दुसरा प्रोटॉन, तितकाच दुबळा!

आता या पाण्यात शेतकरी वापरतात ते मोरचूद टाका. एका लिटरला अडीच ग्रॅम. म्हणजे पाण्याच्या साधारण साडेपाच हजार रेणूंमागे तांब्याचा फक्त एक कण. पण तेवढ्यानं प्रोटॉन पाव सेकंदाच्या आत परततात!

असं का होतं? इलेक्ट्रॉन बहुधा जोडीजोडीनं राहतात आणि जोडीतले दोघं एकमेकांचं चुंबकत्व मारून टाकतात. तांब्याच्या या कणात मात्र एक इलेक्ट्रॉन एकटाच असतो. ज्या रेणूंत असा एकटा इलेक्ट्रॉन असतो त्यांना मुक्त मूलकं म्हणतात. तेही द्रवात विरघळले, की हेच घडवतात. इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व प्रोटॉनच्या ६५८ पट असतं. शिवाय द्रवातले रेणू सारखे फिरत असतात. त्यामुळे एकामागून एक पाण्याचे रेणू त्याच्याजवळ येतात आणि धक्का घेऊन पुढे जातात. एकटा गडी, पण हजारोंना पुरून उरतो!

हवेतला ऑक्सिजनही याच जातीचा. त्याच्या रेणूत असे दोन एकटे इलेक्ट्रॉन असतात. म्हणून नेमकं मोजमाप करायचं असेल, तर शास्त्रज्ञ द्रवात विरघळलेला ऑक्सिजन आधी काढून टाकतात.

पण एकाची अडचण ती दुसऱ्याची सोय! १९४६ साली अमेरिकेत फेलिक्स ब्लॉख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यातल्या प्रोटॉनांचा संदेश पकडला, तेव्हा प्रोटॉन लवकर परतावेत म्हणून त्यांनी पाण्यात मुद्दाम लोहाचा क्षार मिसळला होता. याच ब्लॉख यांच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एस. एस. धर्मट्टी हे भारतीय शास्त्रज्ञ काम करत होते. १९५१ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर दाखवलं, की अल्कोहोलच्या एकाच रेणूतले वेगवेगळ्या जागचे हायड्रोजन वेगवेगळे संदेश देतात. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी या विषयाचं काम उभं केलं.

आज हेच ज्ञान दवाखान्यात उपयोगी पडतं. एमआरआय यंत्र आपल्या शरीरातल्या पाण्याचे प्रोटॉन पाहतं. काही वेळा डॉक्टर शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात. गॅडोलिनियमच्या कणात तब्बल सात एकटे इलेक्ट्रॉन! औषध जिथं पोचतं तिथले प्रोटॉन चटकन परततात आणि तो भाग चित्रात उजळ दिसतो. एरवी लपून राहिली असती अशी गाठही त्यामुळे सापडू शकते. मात्र सुटं गॅडोलिनियम विषारी असतं. म्हणून ते दुसऱ्या रेणूच्या पकडीत घट्ट बांधून देतात, आणि पुढे मूत्रपिंडं ते लघवीवाटे बाहेर टाकतात. घरच्या कुणाला या तपासणीआधी मूत्रपिंडाचा आजार आहे का असं विचारलं, किंवा रक्त तपासायला सांगितलं, तर घाबरू नका. कारण आता तुम्हाला ठाऊक आहे!

जाता जाता एक गणित. इलेक्ट्रॉनचा हा परिणाम चुंबकत्वाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. मग ६५८ गुणिले ६५८ किती? वहीत करून पाहा. उत्तर चार लाखांच्या पुढे आलं, तर तुमचं गणित बरोबर!