जांभळ्याच दिव्याचा आग्रह कशाला?

‘घरातल्या झाडांना जांभळाच एलईडी हवा’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पटले नाही. पानांना 400 ते 700 नॅनोमीटरमधला सगळाच प्रकाश चालतो, हिरवासुद्धा. पांढरा एलईडी पुरतो. शिवाय पानावरची कीड, करपा त्यात लगेच दिसतो. खोक्यावरचे ल्युमेन माणसाच्या डोळ्यांसाठी; झाडाला दिवा किती जवळ आहे ते महत्त्वाचे. मालवणात आषाढ-श्रावणात पडवीत आणलेली तुळस उजेडाकडे नुसती लांबत जाते, देठ बारीक, पाने विरळ. तिच्यावर वीतभर अंतरावर दिवा दिवसा बारा तास लावावा, रात्री बंदच. आणि आमच्या खाऱ्या हवेत उघडी जोडणी हमखास गंजते. बंदिस्त दिवाच घ्या, भले चार पैसे जास्त जावोत.

– एक वाचक, मालवण