उसनी तबकडी

दिवाळीच्या दिवसांत आमच्या भिवंडीच्या आळीत सकाळपासून ताटे फिरू लागतात. विणलेल्या रुमालाखाली चकल्या, करंज्या, कडबोळी झाकून शेजारी पाठवायची, आणि तिकडून ताट परत यायचे ते रिकामे कधी यायचे नाही, हा आमच्या आईच्या पिढीचा कायदा. वाचकहो, आमच्या लहानपणी हाच कायदा आणखी एका वस्तूला लागू होता. ती वस्तूही ताटासारखीच गोल. ग्रामोफोनची तबकडी!

वडील शाळामास्तर. घरात चैनीची वस्तू म्हणाल तर आजोबांच्या वेळचा एक चावीचा ग्रामोफोन आणि पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या धोतराच्या घड्यांत ठेवलेल्या चाळीसेक तबकड्या. या तबकड्या लाखेच्या. बायकांच्या बांगड्यांना लागते तीच लाख, तिच्यात दगडाची पूड मिसळून दाबून केलेली. हातातून सुटली की संपली! मिनिटाला ७८ फेरे, आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे गाणे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानने त्या कर्ण्यात तोंड घालून गायिले, तेव्हापासून तासभर रंगणारा राग तीन मिनिटांत बसवण्याची कसरत आपल्या गवयांच्या नशिबी आली. पण काही थोरांनी त्या तीन मिनिटांतही तासभराचा ऐवज भरून ठेवला.

आता भिवंडीत गाणे ऐकायचे म्हणजे काय, हे परगावच्या वाचकाला सांगून खरे वाटायचे नाही. आमच्या परसदारी भिंतीला भिंत लावून यंत्रमागांचा कारखाना. दोन पाळ्यांत अहोरात्र धोटे इकडून तिकडे धावायचे. त्या खडखडाटात आम्ही जेवलो, झोपलो, परीक्षा दिल्या. पण गाणे मात्र ऐकू येत नसे. वीज गेली की मात्र सगळे माग एकदम थांबत. गाव क्षणात मुके होई. दिवा नाही, पंखा नाही, विजेवरचा रेडिओ नाही. चावीच्या ग्रामोफोनला मात्र विजेशी काहीच कर्तव्य नव्हते! दुसरीकडे वीज गेली की लोक कपाळाला आठ्या घालीत. आमचे वडील हातातल्या वह्या बाजूला सारून चावी शोधू लागत.

अशाच एका अंधाऱ्या संध्याकाळी त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांची भैरवी लावली होती. परसदारी कोणाची तरी चाहूल लागली. कारखान्यातले जॉबर दाराशी उभे होते. हात तेलाने माखलेले, म्हणून उंबऱ्याच्या आत येईनात. गाणे संपल्यावर हळूच म्हणाले, “मास्तर, हे खाँसाहेब तर आमच्या मुलखाचे!”

जॉबरचाचा मूळचे आझमगढकडचे. वडिलांना ते विधान मुळीच मानवले नाही. “खाँसाहेब मिरजेचे,” ते म्हणाले. मग काय, दोघांचा वाद जुंपला. जन्म उत्तर प्रदेशातल्या कैराण्याचा, हे चाचांचे म्हणणे खरे. पण खाँसाहेब मिरजेत राहिले, मराठी नाटकांतली पदे गायिले, रामभाऊ कुंदगोळकरांना म्हणजे आपल्या सवाई गंधर्वांना त्यांनी शिकवले, आणि १९३७ साली गेल्यावर त्यांना मिरजेच्या दर्ग्यातच माती मिळाली, हे वडिलांचेही खरे. “जन्माने तुमचे, मातीने आमचे,” अशा तडजोडीवर आईने चहा ठेवला. त्या रात्री ती तबकडी चाचांच्या घरी मुक्कामाला गेली.

आठवड्याने ती परत आली ती एकटी नव्हे. सोबत मेगाफोन कंपनीची एक तबकडी होती, अख्तरीबाई फैजाबादींची. म्हणजेच पुढच्या बेगम अख्तर. वडिलांना गझलेचे वावडे. एकदा ऐकून त्यांनी नाक मुरडले. चाचा म्हणाले, “मास्तर, इतक्यात निकाल देऊ नका. वरच्या सुरात जाताना बाईंचा आवाज किंचित फाटतो ना, तिथे कान ठेवा. लोक त्याला खोट समजतात. सगळी मौज तिथेच आहे.” वडिलांनी पुन्हा ऐकली, तिसऱ्यांदा ऐकली, आणि चौथ्यांदा स्वतः होऊन सुई बदलली. ती तबकडी पुढे कितीतरी महिने आमच्याकडेच राहिली.

गाणे सुचवणाऱ्यांच्या जाती पुष्कळ. एक जात गाणे चालू असताना सारखी बोलते : “आता येईल बघा, आता!” दुसरी जात म्हणते, “हे काहीच नाही, तुम्ही प्रत्यक्ष बैठक ऐकायला हवी होती.” तिसरी गाणे हातात कोंबते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षकासारखी दारात उभी. जॉबरचाचा यांपैकी कोणीच नव्हते. ते यंत्राकडे पाहत नसत, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत. आपल्याला आवडलेले दुसऱ्याला आवडते की नाही, या धाकधुकीत बसलेला माणूस किती निरागस दिसतो!

मे १९७० मध्ये आमच्या गावाने दंगलीची आग पाहिली होती. मे १९८४ मध्ये ती पुन्हा भडकली. मी तेव्हा कॉलेजात होतो. त्या दिवसांचे वर्णन करण्याची ही जागा नव्हे. एवढेच सांगतो, की माग थांबले, गाव मुके झाले, आणि त्या शांततेत वडिलांनी ग्रामोफोनला हात लावला नाही. चाचांचे बिऱ्हाड कुठे गेले कळेना. कोणी म्हणे नातलगांकडे, कोणी म्हणे मुलखात. त्या वेळी खाँसाहेबांची भैरवी त्यांच्याकडे होती आणि अख्तरीबाई आमच्या ट्रंकेत.

आळीतले एक गृहस्थ म्हणाले, “मास्तर, ती तबकडी आता विसरा.” वडील काही बोलले नाहीत. रात्री त्यांनी ट्रंक उघडली, अख्तरीबाईंची तबकडी आईच्या लग्नातल्या शालूत गुंडाळली आणि तळाशी ठेवली. आई म्हणाली, “शालूला लाख लागेल.” वडील म्हणाले, “दुसऱ्याची वस्तू आहे.”

दिवाळी आली. त्या वर्षी ताटे फारशी फिरली नाहीत. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी परसदारी कडी वाजली. चाचा उभे होते. दाढी पांढरी झालेली. कल्याणला गाडीतून उतरून ते थेट आले होते. बगलेत टॉवेलात गुंडाळलेली तबकडी. “मास्तर, गर्दीत जरा दबली,” एवढेच ते म्हणाले. कडेपासून मधल्या चिठ्ठीपर्यंत केसासारखी बारीक चीर गेली होती.

वडिलांनी चावी दिली, सुई टेकवली. भैरवी सुरू झाली, आणि दर फेऱ्याला ‘टक्’. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर वेळा टक्! दोघेही शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग वडील म्हणाले, “चाचा, तिथे कान ठेवा. सगळी मौज तिथेच आहे.” चाचा हसले, आणि टॉवेलाने डोळे पुसत राहिले. आईने आतून फराळाचे ताट आणले. जाताना अख्तरीबाई घेऊन जा म्हटले, तर चाचा म्हणाले, “राहू द्या. नाहीतर पुन्हा यायला निमित्त काय?”

आज वडील नाहीत, चाचाही नाहीत. मागांच्या गावाभोवती प्रचंड गोदामे उभी राहिली आहेत. चाचांचा नातू त्यांतल्याच एका गोदामात नोकरीला आहे. महिन्यातून एका संध्याकाळी आम्ही तीन-चार घरची मंडळी एकत्र बसतो आणि प्रत्येकाने सध्या जे लागले असेल ते ऐकवायचे, असा रिवाज ठेवला आहे. यात आम्ही काही नवे केले, असे नाही. मुंबईत १९९० पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही मंडळी जुन्या तबकड्या जमवून, एकमेकांना ऐकवून हेच व्रत चालवत आली.

यंदाचे आमचे ताट असे. बँकेतून निवृत्त झालेले एक स्नेही कुमार गंधर्वांच्या ‘मला उमजलेले बालगंधर्व’वरून हलायला तयार नाहीत. पुतणीने १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ आणली. शिवकुमार शर्मांचे संतूर, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, हरिप्रसादांची बासरी. एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस. मध्ये उठून जायची सोय नाही. आमच्या सौभाग्यवतींचे ‘गीतरामायण’. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे आलेली छप्पन्न गीते. ती म्हणते, तशीच आठवड्याला एक ऐका. चाचांच्या नातवाने हबीब पेंटरची कव्वाली लावून सगळ्यांना ताल धरायला लावले.

आणि माझी शिफारस केसरबाई केरकरांच्या भैरवीची. १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसवली, तिच्यात ही भैरवी आहे. सोबत वाजवायला सुई, आणि वेष्टनावर वाजवायची रीतही कोरलेली. त्याच वर्षी केसरबाई गेल्या. एवढ्या दूरच्या शेजाऱ्याकडे एवढ्या भरवशाने पाठवलेले दुसरे ताट मला ठाऊक नाही. ते अजून परत यायचे आहे.

आमच्या चिरंजीवांनी गेल्या महिन्यात ती चिरलेली भैरवी संगणकावर उतरवून घेतली आणि कसलीशी करामत करून तिच्यातली ‘टक्’ साफ पुसून टाकली. मोठ्या कौतुकाने आजीला ऐकवली. पंचाऐंशी पार केलेल्या आईने डोळे मिटून सगळी ऐकली आणि म्हणाली, “छान आहे रे. पण ही आपली नव्हे. आपली लाव.”

त्याने मुकाट्याने ट्रंक उघडली. अख्तरीबाई अजून तिथेच आहेत. निमित्त म्हणून.