ताटं कोण घासणार?

आमच्या वस्तीतल्या कला महोत्सवाची आढावा बैठक चालू होती. सावित्रीबाईंच्या जयंतीला, ३ जानेवारीला, सुरू होणारा हा तीन दिवसांचा महोत्सव. भारुड, पोवाडे, पथनाट्य, गोधड्यांचं प्रदर्शन आणि शेवटच्या रात्री सगळ्यांचं एकत्र जेवण. यंदाचा महोत्सव पर्यावरणपूरक झाला म्हणून सगळे खुशीत होते. थर्माकोल नाही, फ्लेक्स नाही, वापरून फेकायचे ग्लास नाहीत. टाळ्या वाजल्या. तेवढ्यात मागून एक मैत्रीण म्हणाली, "माझे हात काही टाळ्यांना उठत नाहीत बाई. चारशे ताटं घासली आम्ही सहा जणींनी, रात्री एक वाजेपर्यंत. शेवटचा पोवाडा आमच्यातल्या एकीच्याही कानावर पडला नाही."

आधी हशा पिकला, मग सगळे गप्प झाले. मी तर जास्तच. कारण स्टीलची ताटं भाड्यानं आणायची, हा ठराव माझा होता. ताटं कुठून आणायची, भाडं किती, हे सगळं मी टिपून आणलं होतं. ती कोण घासणार, हे माझ्या वहीत नव्हतं. ते 'होऊन जाईल' असं मी धरून चालले होते. आपल्या घरात पुरुष धरून चालतात, अगदी तसंच.

म्हणून पुन्हा थर्माकोलकडे वळा, असं मला अजिबात म्हणायचं नाही. ती वाट आता बंदही आहे. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारनं प्लास्टिक-थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आणली, १ जुलै २०२२ पासून ती देशभर लागू झाली. शंभराहून जास्त माणसं जमवणाऱ्यांनी कचरा वेगळा करूनच द्यायचा, हेही २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितलं. कायदा ठीकच आहे. पण मांडवात काय आणायचं नाही एवढंच तो सांगतो. त्याच्या जागी जे येईल त्याचं काम कोणाच्या अंगावर पडेल, हे त्याला विचारावंसं वाटत नाही. ते आपण विचारायचं.

आधीच्या वर्षांत आम्ही उष्टी पत्रावळ पिशवीत कोंबून मांडवामागे टाकत होतो. सुटलो, असं वाटायचं. कोण सुटलं? सकाळी कचरा वेचणारी बाई यायची आणि आमची आंबलेली भाजी, कागद, प्लास्टिक हातांनी वेगळं करायची. उरलेलं डेपोवर जायचं. पुण्याच्या कचऱ्यानं आपलं पाणी नासलं म्हणून उरुळी देवाची-फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, ती आपण वर्तमानपत्रात वाचली आणि पान उलटलं. म्हणजे फेकल्यानं काम संपत नव्हतं. ते आमच्या हातातून दुसऱ्या बाईच्या हातात जात होतं. स्टीलची ताटं आणली तेव्हा तिच्या हातातलं काम परत आमच्या हातात आलं. दोन्ही वेळा हात बाईचेच. त्यातही कचऱ्यातले हात बहुतेक दलित बाईचे, हे आपण बोलायचं टाळतो.

पुण्यातल्या या बायका १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत संघटित झाल्या. आपण भिकारी नाही, कामगार आहोत, हे त्यांनी शहराला ऐकवलं. पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. कचऱ्याचं त्यांना जेवढं कळतं, तेवढं आमच्या समितीत कोणालाच कळत नाही. तरी आम्ही त्यांना बोलावलं ते समारोपाला, शाल-श्रीफळ द्यायला. नियोजनाच्या बैठकीला नाही.

काही जण म्हणाले, ताटांवरून एवढा वाद कशाला? पर्यावरणाचा प्रश्न केवढा मोठा! मला वाटतं, तो मोठा आहे म्हणूनच त्याचा भार कोणाच्या पाठीवर टाकतो ते पाहायला हवं. ओला-सुका कचरा वेगळा करायचा, कापडी पिशव्या शिवायच्या, पाणी जपून वापरायचं. घरातला हा सगळा 'निसर्गप्रेमी' कारभार बाई सांभाळते आणि व्याख्यान द्यायला मात्र साहेब जातात. आपल्या महोत्सवात तरी हे चालू नये.

म्हणून पुढच्या वर्षासाठी मी नवा ठराव मांडला आहे. ज्याचं ताट त्यानं घासायचं. नळाशी तीन घमेली ठेवायची: एकात खरकटं, एकात साबणाचं पाणी, एकात स्वच्छ पाणी. पाहुणे, वक्ते, नगरसेवक, कोणालाही सूट नाही. मोठी पातेली घासायला माणसं लावायची आणि त्यांची मजुरी अंदाजपत्रकात धरायची. मांडववाल्याला पैसे देतो, स्पीकरवाल्याला देतो, मग घासणाऱ्या हातांनाच 'सेवा' का म्हणायचं? जेवण रात्रीऐवजी दुपारी ठेवायचं. म्हणजे उजेडात आवराआवर होईल, हॅलोजन जळणार नाहीत आणि संध्याकाळचा पोवाडा सगळ्याजणी ऐकतील. जुन्या साड्यांचा कापडी फलक करायचा, पण त्यावर साल लिहायचं नाही, म्हणजे तो दर वर्षी चालेल. आणि तो शिवायला फक्त बायकांनी रात्री जागायचं नाही. सुई पुरुषांच्याही हातात मावते. कचरा वेचणाऱ्या दोघीजणी पहिल्या बैठकीपासून समितीत हव्यात, आणि त्या दिवशी त्यांची मजुरी बुडते म्हणून मानधनासह.

ठरावाला विरोध झालाच. "लोक ताटं टाकून निघून जातील," असं एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले. जातीलही काही. पहिल्या वर्षी ताटांचा ढीग पडेल. पण तो ढीग कोणाचा आहे हे तरी सगळ्यांना दिसेल. आजवर तो रात्रीच्या अंधारात सहा जणी गुपचूप निपटत होत्या, म्हणून तो नव्हताच असं सगळ्यांना वाटलं.

निमंत्रणपत्रिकेवर यंदा एक ओळ जास्त असावी, असा माझा आग्रह आहे: 'जेवणानंतर आपलं ताट आपण घासायचं आहे.' समितीत अजून एकमत नाही. मैत्रिणींनो, तुमच्या गावच्या उत्सवात, मेळाव्यात ताटं कोण घासतं? पाहा आणि आम्हाला कळवा.